नानांच्या विमानाची चाकं

माझं हिंगोलीत चष्म्याचं दुकान आहे. खालच्या ड्रॉवरमध्ये मोडक्या फ्रेमच्या काड्या, बारीक स्क्रू, नाकावरचे पॅड असं सगळं साठत जातं. मुद्दाम कुणी साठवत नाही, फेकायला जीव होत नाही एवढंच. आमच्या रविवारच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. ते एक विमान बनवता बनवता मी इतका थकलोय, की आता कुणी विमानाचं नाव काढलं की माझी मान दुखायला लागते. पण लोक विचारतात, आणि मग सांगावंच लागतं.

आमचा कंपू चौघांचा. दातांचे डॉक्टर खंदारे, शाळेत चित्रकला शिकवणारे सर, साखरा गावचे दत्तराव नाना आणि मी. खूळ मूळचं डॉक्टरांचं. प्लास्टिकच्या छोट्या लढाऊ विमानांची किटं मागवायची, भाग चिकटवायचे, रंगवायचे. त्यांच्या घरात वहिनींनी जागा बंद केली, तेव्हा ही विमानं माझ्या शोकेसमध्ये आली. मला विचारलं कुणीच नाही. गिऱ्हाईक फ्रेम बघायला येतं आणि विमानाचा भाव विचारून निघून जातं.

* * *

नाना पहिल्यांदा आले ते चष्म्याचा नंबर काढायला. नंबराचा काही उपयोग नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, आणि तेही हळूहळू जाणार होतं. नानांनी ते मला पाऊस लांबल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं.

मग मान वाकडी करून ते शोकेसकडे बघत बसले. डॉक्टर तिथंच होते. त्यांना वाटलं, आता कौतुक होणार.

"याचं चाक फिरतं का?" नानांनी विचारलं.

"नाही हो, ते चिकटवलेलं असतं."

"मंग कशाचं इमान!"

डॉक्टर चार दिवस माझ्या दुकानात फिरकले नाहीत.

* * *

नाना हवाई दलात होते. त्यांच्याकडे एका छोट्या लढाऊ विमानाचं काम होतं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की डॉक्टर अर्धा तास इतिहास सांगतात. "ते एक मला करून द्या," नाना म्हणाले. "डोळ्यांत उजेड हाये तवर द्या. मंग केलं काय अन् न्हाई केलं काय."

त्या विमानाचं किट कुठंच मिळेना. म्हणून डॉक्टरांनी उरल्यासुरल्या भागांचा डबा काढला. प्रत्येक किटात चार भाग जास्तीचे येतात, ते सगळे त्या डब्यात. धड एका अर्धवट सोडलेल्या विमानाचं, शेपूट दुसऱ्याचं, पंख तिसऱ्या थोराड विमानाचे कापून घेतलेले. चाकांच्या आसाला माझ्या ड्रॉवरमधले चष्म्याचे स्क्रू. चाकं फिरणार होती, त्याशिवाय नाना बसू देणार नव्हते.

डॉक्टर हौसेनं वही घेऊन बसले. "नाना, पायलटच्या समोर घड्याळं किती होती?"

"मला काय ठाव?"

"खुर्चीचा रंग?"

"डाक्टर, मला वर कोण चढू देत होतं? मी चाकाचा माणूस. टायर, ब्रेक अन् हवा. त्याच्या वरचं काय बी इचारू नका."

डॉक्टरांनी वही मिटली ती पुन्हा उघडली नाही.

* * *

विमानाच्या बाहेरच्या रंगाचं मात्र नानांना पक्कं आठवत होतं. "आमच्या गावच्या शाळेत पत्र्याचं कपाट हाये, बराबर तसा राखाडी."

सरांनी आठ प्रकारचे राखाडी कालवून दाखवले. नाना प्रत्येकाला "न्हाई" म्हणाले. शेवटी सर म्हणाले, चला, कपाटच बघून येऊ. जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही तिघे साखऱ्याला गेलो. उन्हानं डोकं उठलं होतं. शाळेत बघतो तर कपाट गुलाबी.

हेडमास्तर आम्हाला बघून उभेच राहिले. शर्ट खोचलेली तीन माणसं आली की पाहणी आली, एवढंच त्यांना माहीत. पोहे आले, चहा आला. सर कपाटाचं दार उघडून आतून नखानं रंग खरवडायला लागले, तसा हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला.

"गुलाबी चालत नसंल तर बदलून टाकतो साहेब. सांगायचं तरी व्हतं."

आम्ही खरं सांगून बघितलं. विमानासाठी आलोय म्हटल्यावर ते जास्तच घाबरले. आतल्या बाजूला जुना राखाडी रंग सापडला, त्याची खपली घेऊन आम्ही परतलो. पुढच्या आठवड्यात नाना सांगत आले की शाळेतली सगळी कपाटं राखाडी झाली.

* * *

पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण डब्यात नव्हतं. पण दात सरळ करायला ज्या पारदर्शक पट्ट्या देतात, त्या डॉक्टर दवाखान्यात मशीनवर स्वतः बनवतात. त्याच मशीनवर त्यांनी झाकण काढलं. छान निघालं. डबीत ठेवलं आणि रविवारी माझ्याकडे आणलं.

डबी उघडली तर आत पुसेगावच्या एका कृषी केंद्रवाल्याची दातांची पट्टी.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि फोन लावला. तो माणूस भला होता, सोमवारी स्वतः झाकण घेऊन आला. "डॉक्टर, हे दातावर काही बसून नाही राहिलं," तो म्हणाला.

"मग लगेच फोन काहून नाही केला?"

"मला वाटलं, सवयीनं बसंल."

त्यानं ते दोन रात्री घातलं होतं. आम्ही साबणानं धुऊन घेतलं. नानांना हे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

* * *

नानांच्या घरी काकूंचा जीव जात होता. हळद शिजवायचे दिवस, आणि म्हातारा दर रविवारी जीप धरून हिंगोलीला. एका रविवारी त्या स्वतःच दुकानात आल्या. पदर खोचून विमानासमोर उभ्या राहिल्या.

"कवा उडणार हाये हे?"

"हे उडत नाही काकू," सर म्हणाले.

"मंग एवढे महिने तुमी चार बाप्ये करून काय राहिले?"

मी त्यांना खुर्ची दिली. नाना बाहेर तंबाखू मळत होते, तेवढ्यात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "लवकर करा बाबा. काल चहाची बशी बाजूला ठिवली, तर ती दिसली न्हाई त्यायला. हात लागून सांडली. मलाच रागवले, अन् मंग गप बसले."

त्या रविवारी डॉक्टरांनी दवाखान्याची संध्याकाळ बंद ठेवली.

* * *

चाकं शर्टाच्या बटणाएवढी. नाना आले की पहिलं काम म्हणजे विमान काउंटरवर पुढं-मागं फिरवून बघायचं आणि मग प्रत्येक चाक नखानं दाबायचं. प्लास्टिक दाबलं जात नाही, पण ते दाबायचे, मान हलवायचे आणि मग बाकीचं बघायचे.

डॉक्टरांना एक हौस नडली. मॉडेल बनवणारे लोक चाक खालून थोडं घासून चपटं करतात. विमानाच्या वजनानं टायर दबलाय असं दिसावं म्हणून. डॉक्टरांनी एक चाक तसं केलं आणि कौतुकानं दाखवलं.

नानांनी बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हवा कमी हाये यात."

"नाना, ते वजनामुळं..."

"कमी हवेचं इमान मी कदी सोडलं न्हाई." आवाज चढला होता. नानांना चिडलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं. मग ते बसले. बराच वेळ तळहात चोळत राहिले. "एक गेलं ते आलंच न्हाई वापस. चाकं मीच बघितली व्हती, अन् पायलट शिडी चढताना मला हसला व्हता. कुनी मला काय म्हनलं न्हाई. पन हवा बराबर व्हती त्यात. मी दोनदा बघितली व्हती."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून माझी कुरकुरही बंद झाली. डॉक्टरांनी ते चाक काढलं, आणि डबा पालथा करून दुसरं शोधायला बसले.

* * *

विमान झालं तो रविवार. काउंटर पुसून मी वर पांढरा कपडा टाकला. काकूही आल्या होत्या. सगळं लागलं होतं, फक्त पायलट बसवायचा आणि झाकण चिकटवायचं बाकी. डब्यात मापाचा पायलट एकच मिळाला होता, कुठल्यातरी परक्या विमानातला, बोटाच्या पेराएवढा. सरांनी त्याला आपल्याकडचे कपडे रंगवले होते. मूळचाच बसलेला, हात मांडीवर.

नानांना आता विमान एका नजरेत मावत नव्हतं. मान फिरवत फिरवत त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. चाकं फिरवली. तिन्ही नखानं दाबली.

"बराबर हाये," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पायलट त्यांच्या तळहातावर दिला. "शेवटचा भाग तुम्ही लावा नाना. आत ठेवा, मग मी झाकण लावतो."

नानांनी तो डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघितला. मग विमानात न ठेवता खाली कपड्यावर ठेवला. पंखाखाली, डाव्या चाकाला पाठ टेकवून.

सर म्हणाले, "नाना, तो बसलेला आहे. खाली उभा नाही दिसणार."

"बसू द्या," नाना म्हणाले. "लई दमून आला आसंल."

डॉक्टरांनी रिकाम्या खुर्चीवर झाकण चिकटवलं.