पुस्तक आणणाऱ्याने गप्प बसायचं

कॉमिक्स वाचणारी चार माणसं एका खोलीत जमली की पुस्तकं बाजूला राहतात आणि किस्सेच साठत जातात. आमच्याकडे तर इतके साठलेत की नवीन कोणी आला, की हातात पुस्तक द्यायच्या आधी आम्ही त्याला किस्सेच ऐकवत बसतो. आता तुम्ही आलाच आहात, तर बसा.

परळच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. विषय एकच, डार्क सुपरहिरो. म्हणजे ज्यातला हिरो कधी हसत नाही आणि जिंकला तरी तोंड पाडून बसतो, अशी कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स. मी गिरगावचा. निलेश प्रभादेवीचा, औषध कंपनीत एमआर. सुजाता नायगावची, लोअर परळच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत रंगकाम करते.

नियमही एकच. जो पुस्तक आणेल त्याने सगळ्यांचं मत देऊन होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, नुसता चहा ओतायचा. बाकीच्यांनी मात्र मत द्यायलाच हवं, 'पास' म्हणायची सोय नाही. हा नियम निलेशमुळे आला. आवडत्या पुस्तकाची बाजू घेताना हा माणूस दुसऱ्या कोणाला बोलूच देत नसे.

* * *

तावडेकाका त्याच चाळीतले, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. पहिल्यांदा आले ते "जरा हळू बोला" असा दम भरायला. सुजाताने त्यांच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "काका, हे वाचा, मग ओरडा." त्यातला हिरो एका उंच गच्चीवर एकटाच बसून पानंच्या पानं विचार करतो.

पुढच्या रविवारी काका आमच्याही आधी हजर! पुस्तक मांडीवर, चष्मा कपाळावर.

"हा गच्चीवर एकटा बसतोच कसा?" काका म्हणाले. "आमच्या गच्चीवर येऊन बस म्हणावं. पापड राखायला बसलेली बाई आधी विचारेल, काय रे, घरात भांडण झालं काय? मग खालून चहा येईल. मग कोणीतरी त्याच्यासाठी स्थळ सुचवेल. हा डार्क होणार कधी?"

त्याच दिवशी काका मेंबर झाले.

* * *

माझी आई कॉमिक्स वाचत नाही, पण घरात आलेला कागद चाळल्याशिवाय तिला राहवत नाही. एकदा माझं नवंकोरं पुस्तक तिने भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत पाहिलं. हिरोच्या आयुष्याची राखरांगोळी होते असं ते पुस्तक. मी वाचून दोन दिवस सुन्न होतो, त्यामुळे उत्सुकतेने विचारलं, "कसं वाटलं?"

"पहिल्या पानापासून भिजतोय तो," आई म्हणाली. "ओल्या कपड्यांत राहिलं की माणूस चिडचिडाच होणार."

हे मत मी रविवारी सांगितलं तेव्हा सुजाता हसून हसून आडवी झाली. आता कुठल्याही पुस्तकाचा हिरो जास्तच वैतागलेला असला की आम्ही एवढंच म्हणतो, याला आधी कोणीतरी टॉवेल द्या.

* * *

निलेशने एकदा त्याचं सगळ्यात लाडकं पुस्तक आणलं. त्यात शेवटाकडे हिरोचा जिवलग मित्र गाडीत बसून निघतो, आणि पान उलटलं की थेट हिरो त्याच्या फोटोला फुलं वाहताना दिसतो. मधलं काहीच नाही. आम्ही वेडे झालो!

मी म्हटलं, "काय हिंमत आहे लेखकाची, मरण दाखवलंच नाही." सुजाता म्हणाली, दोन चित्रांमधली कोरी जागा एवढी बोलताना तिने कधी पाहिली नव्हती. काका तर गंभीरच झाले. "आपल्यालाही असंच कळतं," ते म्हणाले. "काल जिन्यात भेटला होता, आज फोटो."

निलेश किटली घेऊन नुसता लालबुंद होत होता. हातवारे करत होता, मान हलवत होता. आम्हाला वाटलं, कौतुकाने भरून आलंय. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो फुटला. "अरे, पानं चिकटलीत ती. मागच्या वेळी चहा सांडला ना त्याच्यावर. मध्ये अख्खी मारामारी आहे."

पट्टी घालून आम्ही हलकेच पानं सोडवली. मारामारी पाहिली. नेहमीचीच, ठोसे आणि फुटलेल्या काचा.

शेवटी सर्वानुमते ठरलं आणि काका घरातून गोंद घेऊन आले.

* * *

मतांच्या बाबतीत सुजाताइतकी कडक बाई मी पाहिलेली नाही. मी एक पुस्तक आणलं होतं, सगळे त्यावर फिदा. तिची पाळी आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "याला हात काढता येत नाहीत."

आम्ही पानं उलटली. हिरोचे हात झग्यात. पोलिसाचे खिशात. हिरॉईनचे पाठीमागे. अख्ख्या शहरात एकाचीही बोटं दिसेनात! पुस्तक माझं, त्यामुळे बोलायची बंदी. मी मुकाट्याने चहा ओतत राहिलो, आणि तेव्हापासून कुठलंही पुस्तक उघडलं की आधी हात बघतो.

* * *

आता शेवटचा.

सुजाता कित्येक वर्षं ऑफिस सांभाळून स्वतःचं ग्राफिक नॉव्हेल काढत होती. हे फक्त निलेशला आणि मला ठाऊक होतं. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काम करणारी एक बाई, तिला शहरातली प्रत्येक हाक ऐकू येते. पण धावून जाता येतं ते एकाच हाकेला. शेवटची काही पानं बिनशब्दांची आहेत. त्यांत ती बाई दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली असते, बस. एका प्रकाशकाने "फारच काळोखं आहे" म्हणून परत पाठवलं होतं.

दादरला स्टेशनबाहेर चहा पिताना ती आम्हाला म्हणाली, "रविवारी वाचायला ठेवूया. नाव सांगायचं नाही. तुम्ही दोघं मित्र, गोडच बोलणार. काका नाही बोलणार. त्यांना आवडलं नाही तर सगळ्या फाइली डिलीट, आणि परत विषय काढायचा नाही."

ती बोलते तसं करते. मला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही.

निलेशने प्रिंटआउट आणले, "एका ओळखीच्याचं आहे" म्हणून. म्हणजे त्याचं तोंड बंद. सगळ्यांचं वाचून झाल्यावर मी पहिला बोललो, भरभरून बोललो. काका म्हणाले, "तू सगळ्यालाच चांगलं म्हणतोस." मग सुजाताची पाळी आली. पास म्हणायची सोय नाही.

दोन वाक्यं बोलून सुटता आलं असतं तिला. पण ती सुरू झाली. रंग मळके आहेत. बाई कोणालाच धड वाचवत नाही, मग सुपर कशाला म्हणायचं? "आणि शेवटी शब्द नाहीत, कारण सुचलेच नसणार. कंटाळून सोडून दिलंय."

निलेशची किटली हवेतच थांबली. मी तिच्याकडे बघत होतो, ती जमिनीकडे.

काकांनी चष्मा काढला. राग आला की काका मालवणीवर येतात.

"तुका ह्यातला काय एक कळूक नाय गो," ते म्हणाले. "बायको आजारी होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात असोच बसललंय. कानार हात ठेवन. शब्द खयसून येतले?"

काकांनी मांडीवरचे कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या आणि जरा खालच्या आवाजात तिला म्हणाले, "आणि एक सांगतंय. ज्येना कोणी ह्या काढल्यान हा ना, तेच्या तोंडार असा बोला नको. परत पेन्सिल धरूचो नाय तो."

सुजाताने खाली मान घालूनच ऐकलं. मग म्हणाली, "नाही बोलणार, काका."