जांभईचा नियम

आमच्या सरांना जांभईबद्दल जेवढा आदर होता, तेवढा एकाही मंत्र्याबद्दल नव्हता. घाटकोपरला आर्थिक धोरणांचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था होती, तिचे ते संचालक. परदेशात शिकलेले, दिल्लीच्या समित्यांवर जाऊन येणारे अर्थतज्ज्ञ. पण संस्थेचा कुठलाही अहवाल छापायला जाण्याआधी मुलुंडला त्यांच्या घरी वहिनींसमोर मोठ्याने वाचला जाई. वहिनी मटार सोलत ऐकायच्या. त्यांना जांभई आली की ते पान रद्द.

मी नोकरीला नवीन होते. महागाईवरचं माझं पहिलंच टिपण वहिनींनी दुसऱ्या परिच्छेदात आडवं केलं. माझा चेहरा पडलेला पाहून सर म्हणाले, "अगं, तुझं काय घेऊन बसलीस? माझा अख्खा प्रबंध हिने झोपेत ऐकलाय."

"अख्खा कुठला," वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याच पानावर डोळा लागला होता." मग मला पोहे मिळाले आणि टिपण पुन्हा लिहायचा हुकूम.

किमतींवर व्याख्यानं देणारे सर भाजीवालीसमोर मात्र गप्प उभे राहत. बाजार म्हणजे काय ते मला कळतं, भेंडी कोवळी आहे का ते कळत नाही, असं स्वतःच सांगत सुटायचे. पिशवी धरणं एवढंच त्यांचं खातं.

पुढे उपनगरांतल्या घरटंचाईवर आमचा अहवाल तयार झाला. त्यात एक प्रकरण होतं, कुलपं लावून रिकाम्या ठेवलेल्या फ्लॅटवर. आमचे अध्यक्ष बिल्डर, आणि अशी कुलपं त्यांच्याही इमारतींत होती. संस्थेची जागासुद्धा त्यांनीच फुकट दिलेली. ती गेली तर संस्था कुठे न्यायची, हा प्रश्न आम्हा सगळ्यांनाच पडला होता. अध्यक्षांनी ते प्रकरण काढायला सांगितलं. सर नाही म्हणाले नाहीत, फक्त एकदा ऐकून घ्या म्हणाले, आणि आमच्यासमोरच त्यांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. अध्यक्ष चुळबुळले, पाणी प्यायले, लाल झाले. शेवटी म्हणाले, असलं रटाळ कोण वाचणार?

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुम्हाला एकदाही जांभई आली नाही. आमच्या नियमाने हे राहतं."

प्रकरण राहिलं, जागा गेली. संस्था सरांच्या घरात आली आणि टाइपरायटर ओट्याशेजारी. पगार रखडायचे, पण सोडून कुणी गेलं नाही. मला तर ते दिवस फार आवडले.

काही वर्षांनी सर अचानक गेले. शोकसभेत मी घरून लिहून आणलेलं भाषण वाचू लागले, भलतंच जडजंबाल. पहिल्या रांगेतल्या वहिनींनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, रडताहेत. जांभई होती. मी कागद पर्समध्ये टाकले आणि अध्यक्षांची ही गोष्ट सांगितली. वहिनी खळखळून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. सर गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.