पावडर कुणाच्या हाताला

"हात दाव."

मावशींचं पहिलं वाक्य हेच असायचं. समोर पहिलीतलं पोर असो की पोलादपूरहून तपासणीला आलेले साहेब, खिचडीचं ताट मिळण्याआधी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवावे लागत. नखांत माती दिसली की त्या मानेनंच नळाची दिशा दाखवायच्या. एकदा एका साहेबांनाही दाखवली. साहेब मुकाट्यानं गेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना पद नसतं, पण त्यांच्यापुढे आपण आपोआप रांगेत उभे राहतो.

पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावात मावशी शाळेचा पोषण आहार शिजवायच्या. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचंही नाही. का ते कळेलच.

मी महाडला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच जण गावोगाव विज्ञानाची नाटकं करतो. आमच्या नाटकात रंगमंच नसतो, खुर्च्या नसतात. आलेली कुटुंबंच त्यात शिरतात आणि पात्रं होतात. ज्या आईबापांना मुंबईचं विज्ञान केंद्र पोरांना दाखवणं कधी जमणार नाही, त्यांच्या दारात विज्ञान न्यायचं, अशी आमची भाषा. भाषेत आम्ही कधीच कमी पडलो नाही.

मावशींच्या शाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझाही हात पाहिला. बोटांवर मार्करची शाई होती. "सर, ह्यो काळा रंग पोटात गेला तर काय होतं?" मी शाईतल्या रसायनांवर पाच मिनिटं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग धुवा." आमच्या नव्या नाटकाला हीच बाई हवी, हे मी नळाशी उभं राहूनच ठरवलं.

नाटक लग्नघराचं होतं. शाळेच्या मोठ्या खोलीत तोरण, पाट, पाण्याचे पेले. येणारं प्रत्येक कुटुंब म्हणजे वऱ्हाड. दारात नवरीची आत्या म्हणून मावशी, आणि त्यांच्या हाताला साध्या उजेडात न दिसणारी एक पावडर. त्या सगळ्यांचे हात हातात घ्यायच्या, पोरांचे गाल कुरवाळायच्या, पाणी द्यायच्या. मग वीज गेल्याचं सोंग करून आम्ही अंधार करायचो आणि मी डॉक्टर बनून जांभळा दिवा घेऊन यायचो. जिथे जिथे हात लागला होता तिथे तिथे पावडर चमकायची. पेल्यांवर, पदरांवर, तान्ह्या बाळाच्या गालावर. बायका चकित होऊन तोंडावर हात न्यायच्या, तर ते हातही चमकत असायचे. जंतू दिसत नाहीत पण असे पसरतात, हे सांगायला मला वर्गात अख्खा तास लागतो.

मावशी लिहिलेलं बोलायच्या नाहीत, आणि ते बरंच होतं. महाडच्या मोहल्ल्यात प्रयोग होता तेव्हा एक म्हातारी दाराशीच अडली. "आमाला आवतन नाय आलं," ती खरोखरीच संकोचून म्हणाली. मावशींनी तिचा हात धरला. "आवतन द्यायलाच उभी हाय मी. चला, तुमच्याबिगर हळद थांबलीय." म्हातारी आत आली, पाणी प्याली, साबणानं हात धुवायला शिकली आणि जाताना नसलेल्या नवरीला दुवा देऊन गेली.

शेवटी डॉक्टर जंतूचा माग काढायचा. ह्या हातावरून त्या हातावर करत मी दारापर्यंत पोहोचायचो, मावशींचा हात दिव्याखाली उंच धरायचो आणि म्हणायचो, "सापडला. सगळं इथून सुरू झालं." मनगटापर्यंत चमकणारा तो हात पाहून हमखास हशा पिकायचा. वाक्य मीच लिहिलं होतं आणि माझं फार लाडकं होतं.

आता लाज वाटते ती गोष्ट. मावशींचं घर गावाच्या खालच्या अंगाला, वेगळ्या वस्तीत. त्यांच्या सासूच्या काळी वरच्या आळीतली माणसं त्या वस्तीच्या हातचं पाणी पीत नसत. मावशींनी शाळेची चूल धरली तेव्हाही वर्षभर काही पोरं घरून डबा आणायची. मग हळूहळू डबे बंद झाले. शाळेतल्या बाईंनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माझं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पाण्याला कुणी हात लावायचा यावरून आमच्या गावात काय घडलं, ते मी दर वर्षी मुलांना घसा बसेपर्यंत सांगतो. आणि तरी ती पावडर मी मावशींच्याच हाताला लावली. त्या काम छान करतात, एवढाच विचार केला.

त्यांच्या स्वतःच्या गावात प्रयोग झाला त्या दिवशी हशा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकला. मी ते माझं यश समजलो.

पुढच्या रविवारी वरंधला प्रयोग होता. तयारी चालली असताना मावशी सहज म्हणाल्या, "सर, ह्या टायमाला पावडर तुमच्या हाताला लावूया का?"

"डॉक्टरच्याच हातावर जंतू? शेवट पडेल, मावशी."

"डॉक्टरला बी हसतील की लोकं."

"तेवढं नाही हसणार."

पावडरच्या डबीचं झाकण त्यांनीच उघडलं. त्यानंतर आणखी चार गावांत मी त्यांचा हात उंच धरला.

मग एके दिवशी शाळेतल्या बाईंचा फोन आला. "सर, भात उरतोय," एवढंच म्हणाल्या. मी गेलो. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात अर्ध्याअधिक पोरांपुढे घरचे डबे उघडलेले, आणि कुंपणाशी तीन-चार आया उभ्या. एकीनं मला ओळखलं. "तुमीच तर दिव्याखाली दाखवलंत, सर. आमी आपलं शास्त्राचं ऐकलं." ती भोळेपणानं बोलली, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. तिला नीट कळत होतं. जे उघड बोलायची गावाला चोरी झाली होती, त्याला मी शास्त्राचं नाव मिळवून दिलं होतं.

तेवढ्यात मावशी ताट घेऊन माझ्यापुढे आल्या. गरम खिचडी, कडेला लिंबाची फोड. पोरं बघत होती, आया बघत होत्या. आणि मी म्हणालो, "नको मावशी, जेवून आलोय."

खरंच जेवून आलो होतो, पोलादपूरच्या स्टँडसमोर. शब्द सवयीनं निघून गेले. मावशी ताट घेऊन परत वळल्या. कुंपणाशी कुणीतरी हलकेच हसलं. आपण काय करून बसलो हे महाडला पोहोचायच्या आधीच माझ्या लक्षात आलं. तरी मी गाडी मागे वळवली नाही.

दिवाळीनंतर शाळेत दुसरी बाई शिजवायला आली. आता पाळीपाळीनं काम द्यायचं ठरलंय, असं शाळेच्या समितीनं सांगितलं. मावशींची पाळी पुन्हा आली नाही. त्यांनी नाटकात येणंही थांबवलं. हल्ली पावडर माझ्या हाताला असते. लोक हसतात, अगदी तेवढंच हसतात.

एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसलो. माफी मागायची होती, पण प्रयोगांबद्दलच काहीबाही बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "मावशी, पाणी द्या."

त्यांनी तांब्या आणला. मी एका दमात रिकामा केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी मोठं केल्यासारखं पाहिलं असणार.

मावशींनी तांब्या परत घेतला. "हितं कोन बघतंय, सर?" त्या म्हणाल्या. "त्या दिशी दोन घास खाल्ले असतेत, तर पोरांनी बी खाल्लं असतं."

उन्हाळ्यात त्या लेकीकडे नालासोपाऱ्याला गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. तिकडे एका बालवाडीत जेवण करतात म्हणे. शाळेतल्या बाईंकडे त्यांचा पत्ता आहे. मी अजून मागितलेला नाही.