सासूबाईंनी संध्याकाळचं जेवण सोडलं

चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा वीज आली नव्हती. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. सासूबाई अंगाने चांगल्याच भरलेल्या, आणि गुडघे असे सुजलेले की चुलीपुढून उठताना त्यांना भिंत धरावी लागे. शेवटी मी त्यांना एसटीने कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "आजी, वजन उतरवा. संध्याकाळचं जेवण कमी करा."

घरी येऊन सासूबाई नेहमीसारख्या चुलीपुढे बसल्या, आठ माणसांच्या भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं. शेवटी आम्ही दोघीच उरलो. त्यांनी माझ्या ताटात भाकरी आणि सुकटीचं कालवण घातलं आणि स्वतःचं ताट पालथं घातलं.

"आत्या, तुमचं?"

"आजपासून सांजचं नाय."

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण महिना गेला, दुसरा गेला. निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीची वाफ रोज त्यांच्याच तोंडावर यायची. कालवणाचा थेंब माझ्या तळहातावर टाकून विचारायच्या, "मीठ झालंय का बघ गं." स्वतः चाखतसुद्धा नसत. पुतणीच्या हळदीत भाताची बादली घेऊन त्यांनी सगळ्या पंगती वाढल्या. एका बाईने हात धरून म्हटलं, "आज तरी बसा!" त्या हसल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

मीही त्यांच्याबरोबर करून पाहिलं. तिसऱ्याच संध्याकाळी फडताळाशी उभी राहून मी गूळभाकरी कोंबत होते, तेवढ्यात त्या पाणी घ्यायला आत आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसून खा गं," त्या म्हणाल्या. "उभ्यानं घशात अडकंल." आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून गेल्या.

महिन्याला भात भरडायला गिरणीवर गेलो की पोती तोलायच्या काट्यावर त्या उभ्या राहायच्या. चौथ्या खेपेला गिरणीवाल्याने वजनं काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली, तरी वजन कमीच भरलं. "मावशी, काटा बिघडला की तुमी?"

तेव्हा मी त्यांना परत कर्जतला नेलं. या वेळी एसटीच्या पायऱ्या त्या कुणाचा हात न धरता चढल्या. डॉक्टर पाहतच राहिले. काय केलं, ते ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अहो आजी, मी कमी करा म्हटलं होतं. बंद कुठं करायला सांगितलं? चक्कर येऊन पडला असतात म्हणजे?"

सासूबाई ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "कमी कसं करायचं ते मला जमत नाय, डाक्टर. एकदा घास घेतला की हात थांबत नाय. बंद करायचं जमतं."

चार महिने रोज त्यांच्याजवळ बसत होते मी, आणि मला वाटायचं, या बाईला भूकच लागत नसावी.

डॉक्टरांनी अर्धी भाकरी आणि पालेभाजी खायला बजावून सांगितलं. त्या संध्याकाळी मी त्यांना चुलीपुढून उठवलं, पाटावर बसवलं आणि भाकरी थापायला घेतली. माझी भाकरी कडेला फाटली. अर्धी मोडून मी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"तव्यावरची गरम गरम," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पयल्यांदा खातेय गं."