आत्या गप्प नव्हती

त्या अर्जनविसावरचा खटला खोटा होता, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही तेव्हा जन्मलेला नव्हता. मी होते. खटला खोटा नव्हता. त्यानं ते केलं होतं, आणि जिच्याबाबत केलं ती माझी सख्खी आत्या. पण खटला भरला गेला तो आत्यासाठी नव्हे, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एका बैठकीत ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते, म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात भागेल.

निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. धाराशिवला कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसत, त्यांतला हा एक. बोटं शाईनं काळी, नाकाखाली तपकिरीचा ओघळ, आणि समोर बाई बसली की नजर तिच्या पदरावर. पण उर्दू त्याचं पक्कं होतं, आणि कचेरीतल्या कारकुनांची अर्धी कामं तोच करून द्यायचा, त्यामुळं आतले कागदही त्याच्या नजरेखालून जात.

आत्या विधवा झाली तेव्हा तिच्या दिरानं शेत दाबलं. शेत आपल्या नावावर व्हावं म्हणून अर्ज लिहून घ्यायला ती याच्याकडे गेली. अर्ज तयार आहे, अंगठा द्यायला घरी या, असं त्यानं सांगितलं. घरी गेली तर त्यानं दार लोटून घेतलं आणि तिचं मनगट धरून ओढलं. आत्या त्याच्या हाताला कडकडून चावली, सुटली आणि अनवाणी घरी आली. चुलीपुढं बसून राखेनं मनगट घासत राहिली. साल निघाली तरी घासत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अमिनाकडे गेली. अमीन म्हणजे पोलिसांचा तिथला मुख्य. मला सोबत नेलं होतं. अमीन काही परका नव्हता, आमच्यासारखंच मराठी बोलायचा. तोंडात पान, अंगाला अत्तर. त्यानं सगळं ऐकलं, मग पुन्हा सांगायला लावलं, कुठं धरलं, कसं धरलं. मिटक्या मारत ऐकावं तसं ऐकत होता. शेवटी जवानांकडे बघून हसला.

"एकटी रांड पुरुषाच्या घरी जाते आणि वर फिर्याद करते," तो म्हणाला. "घरी जा. गप्प बस, त्यातच तुझी अब्रू हाय."

त्यानं पिंक टाकली ती आत्याच्या पावलाशी पडली. थोडी पायावर उडाली. ती आम्ही आडावर येऊन धुतली.

दोन सुग्या, म्हणजे दोन वर्षं, गेली. लढाईचे दिवस होते. ज्वारी सरकारला सक्तीच्या लेव्हीत द्यावी लागे, साखर आणि रॉकेल दुकानात मिळेना. चहा गुळाचा, तोही पाहुणा आला तरच. अशात एका बाजाराच्या दिवशी धर्मशाळेच्या भिंतीवर गेरूनं मोठाली मराठी अक्षरं उमटली. शहरासाठी किती साखर आली, कोणत्या साहेबाच्या घरी किती गेली, लेव्हीची ज्वारी कोणत्या व्यापाऱ्यानं कुणाच्या परवानगीनं उचलली. अमिनाचं नाव सगळ्यांत वर होतं. कुणी लिहिलं ते अर्जनविसानं लपवलं नाही. म्हणे, मी फक्त उर्दूचं मराठी केलं.

आत्याला वाचता येत नव्हतं. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पदर डोळ्यांवर ओढून उभी होती.

"खरं असंल," एवढंच ती म्हणाली. "कागद बघतो त्यो."

जवानांनी भिंतीला चुना फासला. पुढच्या बाजारी त्यानं पुन्हा लिहिलं. लोक त्याला रस्त्यात रामराम घालायला लागले. ज्या बायकांनी त्याच्याकडे अर्जाच्या कामाला मुली पाठवायचं बंद केलं होतं, त्यासुद्धा त्याचं नाव कौतुकानं घ्यायला लागल्या.

आणि मग अमीन आमच्या घरी आला. घोंगडीवर बसला. आता आत्या 'तुम्ही' झाली होती.

"तुमच्यावर अन्याय झाला बाई," तो म्हणाला. "तुमची फिर्याद मी स्वतः लावून धरतो. शेताचंही बघतो, दिराला बोलावून घेतो."

बदल्यात एकच गोष्ट हवी होती. इतके दिवस फिर्याद का नाही केली असं अदालतीत विचारतील, तेव्हा लाजेपोटी गप्प राहिले, असं सांगायचं. बस्स. पहिल्या सकाळचं काही काढायचं नाही. जाताना जवानानं उंबऱ्यात एक पिशवी ठेवली. आत साखर होती. भिंतीवर जिच्याबद्दल लिहिलं होतं तीच ही साखर, आमच्या घरात.

आईनं रात्री शिरा केला. आत्यानं तोंड लावलं नाही. आम्ही वाट्या चाटून खाल्ल्या.

वडील म्हणाले, एक वाक्य आहे, बोलून टाक, शेत मिळेल आणि तो नालायक आतही जाईल. त्यांचं चुकत नव्हतं. आत्याला दोन्ही हवं होतं.

तिनं फिर्यादीवर अंगठा दिला. अर्जनविसाला पकडल्यावर गावाचे दोन भाग झाले. एक म्हणायचा, अमिनानं बाई विकत घेतली. हे आमच्या दारासमोर उभं राहून, ऐकू जाईल असं म्हणायचे. दुसरा म्हणायचा, असल्या बाईलवेड्यानं लिहिलेलं कशाला खरं मानायचं. साखर कुणी खाल्ली याचा हिशोब दोघांनाही नको होता, आणि आत्याचा तर नकोच होता. किळस यायची मला त्या माणसांची. अजून येते.

अदालतीत गर्दी एवढी की घामाचा वास नाकात बसला. सरकारी वकिलानं उर्दूत काही विचारलं, मग मराठीत तेच. "लाजेपोटी इतके दिवस गप्प राहिलात, असंच ना?"

आत्यानं पदर खांद्यावर घेतला. वडिलांकडे बघितलं नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "म्या गप्प न्हवते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांच्याकडं गेले." तिनं अमिनाकडे हात केला. "हे हसले. मलाच गप्प बस म्हणले. भिंतीवर ह्यांचं नाव आलं तवा घरी आले, साखर घिऊन."

आरोपीचा वकील उठलाच. बघा, हे कुभांड आहे, सूड आहे. मुन्सिफांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, आत्याला विचारलं, मग आरोपीबद्दल सांगता ते खोटं का?

"त्ये बी खरं. ह्यानं हात धरला त्ये खरं आन् ह्ये हसले त्ये बी खरं."

मुन्सिफांना दोन्ही नको होतं. फिर्याद आकसापोटी दाखल झाल्याचं दिसतं, असं म्हणून त्यांनी त्याला सोडलं. निकाल उर्दूत होता. आत्याला तो बाहेर पायरीवर कुणीतरी समजावून सांगितला.

बाहेर त्याला हार घालत होते. आत्याला बघून तो गर्दीतून पुढं आला आणि दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, तुम्ही खरं बोललात. मला वाचवलंत."

जोडलेल्या हातांपैकी उजव्या हातावर, अंगठ्याखाली, दातांचा पांढरा व्रण दिसत होता. मी बघितला, आत्यानंही बघितला. आत अदालतीत त्याला हात दाखव असं एकानंही म्हटलं नव्हतं. एका बाजूच्या वकिलानं नाही, दुसऱ्या बाजूच्यानंही नाही.

"तुला वाचवाया न्हाय बोलले," आत्या म्हणाली. "म्या गप्प व्हते असं त्ये म्हणत व्हते, म्हणून बोलले. हात खाली घे."

त्यानं घेतले नाहीत. लोक बघत होते ना. तसाच हात जोडून उभा राहिला, आणि कुणीतरी त्याचा जयजयकार केला.

अमिनाची बदली झाली, ती मोठ्या जागेवर. राज्य बदललं तेव्हा अर्जनवीस व्यासपीठावर बसला. शेत दिराकडेच राहिलं, कारण आत्याचा अर्ज लिहून द्यायला त्या लिंबाखालचा एकही जण पुढं आला नाही. त्या दिवशी अदालतीतून घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली, चिमूटभर राख घेतली, आणि मनगट घासायला लागली. या खेपेला मी तिच्या हातावर पाणी ओतलं.