प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ

जगातली निम्मी भांडणं दोघं एकाच वेळी बोलतात म्हणून होतात आणि उरलेली निम्मी कुणीच वेळेवर बोलत नाही म्हणून, असं मनापासून मानणारा माणूस मुरबाड तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईला नवरा म्हणून मिळाला. भावोजी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. तिथली भट्टी, पट्टा, पंखे, झडपा या सगळ्यांनी एका तारेवरून एकमेकांना निरोप कसे द्यायचे याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, बसवणं हे त्यांचं काम. नंबर आला की बोलायचं, वाट्याच्या वेळात आटपायचं, सांगण्यासारखं काही नसलं तरी 'मी आहे' एवढं कळवायचं. नव्वदच्या दशकात आम्ही फोन लागला तरी धन्य मानत होतो. भावोजी मात्र निरोप ठरल्या क्षणी पोचला का, हे विचारत. मी एकदा "लवकर येतो" म्हणालो, तर गंभीरपणे म्हणाले, "लवकर नको. कधी ते सांगा. उशिरा आलात तरी चालेल."

एक यंत्र काढून दुसरं बसवलं तर बाकीच्यांना पत्ताही लागू नये, हे त्यांचं दुसरं तत्त्व. ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या जागी त्यांनी आपल्या आईला 'बसवलं'. भाकरी त्याच वेळी, ताटात त्याच जागी. आमटीत मीठ मात्र दुप्पट. "साचा बरोबर आहे, मजकूर वेगळा आहे," असं म्हणून ते निमूट जेवले. सांगताना त्यांना हसू येत नसे, त्यामुळे आम्हालाही हसायची चोरी.

आई गेल्यावर आमचे बाबा गावी, वैशाखऱ्याला, एकटे राहत. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ जड झाली. त्यांचा एक शब्द येईपर्यंत शेजारची आत्या पुढचे चार बोलून मोकळी व्हायची. बाबांना शहापूरला आपल्याकडे न्यावं, असं दादाचं म्हणणं. त्यांनी इथेच राहावं, असं आत्याचं आणि माझं. महिनाभर आम्ही बाबांच्या वतीने तावातावाने भांडलो, आणि बाबा ओटीवर बसून ऐकत राहिले.

शेवटी भावोजींनी सगळ्यांना ओटीवर बसवलं. आदल्या दिवशी ते बाबांना "काय जेवलात?" असं विचारून घड्याळ समोर ठेवून बसले होते. उत्तराला लागला तेवढा वेळ आता प्रत्येकाला. दादा वैतागला, "एवढा कशाला?"

"सरासरीवर गप्पा चालतात, भट्टी चालत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुरेल एवढा वेळ सगळ्यांना. आणि बोलून झालं तरी आपला वेळ संपेपर्यंत गप्प बसायचं."

आत्याने एका दमात सांगून टाकलं, "तो नाय जायाचा. त्याचा जीव इथंच हाय." मग पदर सारखा केला, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पदर. दादा बोलला आणि गप्प बसला. मी मातीबद्दल आणि समोरच्या डोंगरांबद्दल फार सुंदर बोललो, तरी अर्धा वेळ उरलाच. भावोजीही आमच्याच बाजूचे निघाले. बाबांचा नंबर येईपर्यंत गप्प बसण्याची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती.

"रातचा..." बाबा म्हणाले आणि थांबले. आत्याचे ओठ हलले. भावोजींनी नुसता हात वर केला. आम्ही थांबलो.

"रातचा... भ्या वाटतं. मला... न्या रे."

असं काही असेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भावोजींचंही म्हणणं पडलं होतं, पण सगळ्यांआधी तेच उठले आणि बाबांची वळकटी बांधायला लागले.

बाबा शहापूरला आणखी काही वर्षं जगले. आम्ही जायचो, फळं ठेवायचो, तब्येत विचारून निघायचो. भावोजी दर रविवारी दुपारभर त्यांच्या खाटेजवळ बसत. दोघं काय बोलतात, ते ताईलाही ठाऊक नव्हतं. बाबा गेल्यावर एकदा भावोजी सहज म्हणाले की आमची आई लग्नानंतर तानसाचं धरण पाहायला गेली, तेव्हा एवढं पाणी एका जागी पाहून रडली होती. मी थक्क झालो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. तीन रविवार लागले."

आईला जाऊन खूप वर्षं झाली, आता बाबाही नाहीत. त्यांची फार आठवण आली की मी मुरबाडची एसटी धरतो आणि भावोजींसमोर जाऊन बसतो.