‘ओळंबा’ची चार पानं

आमच्या प्रेसमधली रद्दी दर गुरुवारी एक पिकअप येऊन उचलून नेतो. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही, त्यामुळे ते साठतच जातात. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या या प्रिंटिंग प्रेसमध्ये मी अकरा वर्षं पानं लावतेय. मेनूकार्डं, लग्नपत्रिका, साइटवर लावायची सेफ्टीची पोस्टरं, सगळं हाताखालून गेलंय. पण अल नहदाला आमच्या घरी मंडळी जेवायला जमली की फर्माईश एकाच गिऱ्हाइकाची होते. “मेधा, तुझ्या त्या ब्रदरचं काहीतरी सांग ना.”

ब्रदर रत्नम आंध्रातले. साठीला टेकलेले, बारीक, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. दिवसा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत सर्व्हेअर, आणि रविवारी आपल्या छोट्याशा बॅप्टिस्ट मंडळीचे उपदेशक. अगदी कर्मठ बॅप्टिस्ट. महिन्यातून एकदा ते चार पानांचं इंग्रजी वर्तमानपत्र काढायचे आणि ते चर्चच्या आवारात, आपल्याच लोकांत वाटायचे. त्याच्या नावाचा अर्थ ओळंबा. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो ना, तो. मी घरी बोलताना ‘ओळंबा’च म्हणते.

पहिल्या दिवशी मी त्यांना “फादर” म्हटलं. त्यांनी अगदी मऊ आवाजात समजावलं, की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असं बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मग मी “रेव्हरंड” म्हणून बघितलं. तेही नको, कारण आदर फक्त देवाचा. “सर” म्हटलं तर म्हणाले, मी काही तुमचा साहेब नाही.

आमचे मालक परुळेकर काका मालवणचे. ते मागे उभे राहून ऐकत होते. मला मराठीत म्हणाले, “गिऱ्हाईक म्हण आणि मोकळी हो.”

शेवटी “ब्रदर”वर तडजोड झाली.

*

‘ओळंबा’चा इतिहास मला दुसऱ्या-तिसऱ्या अंकाच्या वेळी कळला. मी सहज विचारलं, हा पेपर सुरू कोणी केला? ब्रदरांनी खुर्ची ओढली.

त्यांचे आजोबा गवंडी होते. गावातल्या मिशनच्या शाळेची भिंत बांधत होते. मिशनचा एक पेपर यायचा, त्यात कोणीतरी लिहिलं, की देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, त्यातला एकेक दिवस म्हणजे एकेक युग असू शकतं. कोणीतरी ते आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी थापी खाली ठेवली आणि तडक गोऱ्या साहेबाकडे गेले. म्हणाले, “साहेब, सहा दिवस काम करून सातव्या दिवशी तुम्ही मला सुट्टी देता, ती किती युगांची?”

साहेब हसला, पण उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हटल्यावर आजोबा लिहायला शिकले आणि त्यांनी स्वतःचा पेपर काढला. हाताने लिहिलेला एकच कागद, शाळेच्या त्याच भिंतीवर चिकटवलेला. पहिला अग्रलेख तीन शब्दांचा होता: दिवस म्हणजे दिवस.

पुढे ब्रदरांचे वडील संपादक झाले. त्यांचं म्हणणं, की ज्यांची शिकवण वाकडी त्यांच्याबरोबर एका मंचावरसुद्धा बसायचं नाही. आणि म्हातारपणी आजोबा एका समारंभात नेमके तशाच एका उपदेशकाच्या शेजारी बसले. वडिलांनी पुढच्या अंकात पहिल्या पानावर स्वतःच्या बापाविरुद्ध लेख लिहिला.

“मग आजोबांनी काय केलं?” मी विचारलं.

“प्रूफं तेच तपासायचे,” ब्रदर म्हणाले. “त्या लेखात त्यांनी दोन चुका काढल्या. स्पेलिंगच्या.”

*

चित्रांच्या बाबतीत माझी पहिली चूक द्राक्षांची. प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकरी आणि प्याला घेतात त्या विधीवर, लेख होता आणि कोपरा रिकामा राहत होता. मी तिथे द्राक्षांचा घड आणि एक उंच दांडीचा काचेचा पेला टाकला. दिसायला फार सुंदर होतं. ब्रदर बघतच राहिले. मग म्हणाले, की लेखात मी दीड कॉलम हेच लिहिलंय, की प्याल्यात दारू नव्हती, द्राक्षांचा ताजा रस होता. आणि तुम्ही बाजूला वाइनचा ग्लास ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी ते घरून स्टीलचं फुलपात्र घेऊन आले. आम्ही त्याचा फोटो काढून छापला.

हे सगळं आमचा मशीनवाला सलीमभाई ऐकत होता. सलीमभाई निजामाबादचा, पाच वेळचा नमाजी. त्याने ब्रदरांना तेलुगूत एकेक विचारायला सुरुवात केली. दारू? नाही. लॉटरी? नाही. सिनेमा? नाही. नाच? नाही. व्याज? त्यावर ब्रदर थोडे थांबले, म्हणाले, शक्यतो नाही. सलीमभाई शाईचे हात पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, ये तो अपनेच आदमी हैं. बस पता गलत लिखा गया.”

त्या दिवसापासून ब्रदरांचा चहा सलीमभाईच्या थर्मासमधला.

*

दुसरी चूक मात्र भयंकर होती. बाप्तिस्म्यावरच्या लेखाला मी एका तान्ह्या बाळाचा फोटो लावला. कपाळावर पाणी शिंपडणारा हात, बाळ झोपेत हसतंय. ब्रदरांनी पान हातात घेतलं आणि खुर्चीत बसले. मला वाटलं यांना पाणी द्यावं लागणार.

मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की मॅडम, या एका चित्राला नाही म्हटलं म्हणून आमचे लोक तुरुंगात गेलेत, काही तर पाण्यात बुडवून मारले गेलेत. बाळाला काय कळतं? ज्याने समजून-उमजून विश्वास ठेवला त्यालाच बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण पाण्याखाली. शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. मी म्हटलं, आमच्याकडे मुंज आठव्या वर्षी, न विचारताच करतात. ते म्हणाले, “म्हणून तुम्ही येऊन एकदा बघा.”

मी मुलीला घेऊन गेले. चर्चच्या आवारात निळ्या प्लास्टिकची मोठी टाकी भरलेली. ब्रदर कमरेपर्यंत पाण्यात उभे. पहिल्या दोघी बायका सहज झाल्या. तिसरे एक क्रेन ऑपरेटर होते, ब्रदरांच्या दुप्पट. ब्रदरांनी त्यांच्या पाठीला हात लावून मागे झोकलं, पाणी चहूबाजूंनी उसळलं, पहिल्या रांगेतली मंडळी भिजली. लोक गायला लागले. पण ब्रदर जागचे हलेनात. त्यांनी हात वर केला. गाणं थांबलं.

“कोपर कोरडं राहिलं,” ते म्हणाले.

आणि त्या माणसाला पुन्हा घातलं पाण्यात. वर आल्यावर तो रडत होता आणि हसतही होता. माझी बारा वर्षांची मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, “Aai, that was so fair.” तिचं म्हणणं मला पटलं.

*

ब्रदर जुन्या, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बायबलखेरीज दुसरं भाषांतर मानत नसत. त्यातला शब्द बदलला म्हणजे देवाचं वाक्य बदललं. आमच्या कॉम्प्युटरला हे माहीत नव्हतं. जुनी इंग्रजी दिसली की तो आपणहून दुरुस्ती करायचा. एका महिन्यात माझं लक्ष नव्हतं. मथळा होता, ‘ज्याला कान आहेत तो ऐको’. त्यातल्या ‘हॅथ’चा, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या ‘आहेत’चा, शेवटचा एच कॉम्प्युटरने खाल्ला आणि उरलं ‘हॅट’. थोडक्यात काय, पहिल्या पानावर मोठ्या टायपात कानटोपी छापली गेली. सगळ्या सहाशे प्रतींवर.

मी परुळेकर काकांना सांगितलं, पुन्हा छापून देऊ. काका हो म्हणाले. ब्रदरांनी नकारार्थी मान हलवली. रविवारच्या आत कागद मिळणार नव्हता. त्यांनी गठ्ठे गाडीत टाकले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. रोल्लाला त्यांच्या घरी गेले. ते आणि त्यांची बायको करुणा जमिनीवर बसले होते, मध्ये पेपरांचा ढीग. दोघंही काळ्या पेनने एकेक एच लिहीत होते. करुणाताईंनी मला एक पेन दिलं. आम्ही तिघं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसलो. दोनशेव्या प्रतीच्या आसपास मी विचारलं, की ब्रदर, वाचणाऱ्याला अर्थ तर कळलाच असता, नाही का?

ते म्हणाले, “अर्थ कळला असता. पण मला झोप लागली नसती.”

जेवायला करुणाताईंनी गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, झणझणीत चटणी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पश्चात्तापाचं आहे असं समजून ब्रदर खूश झाले.

*

गणपतीत मी प्रेसमध्ये मोदक न्यायचे. ब्रदर घ्यायचे नाहीत. मूर्तीपुढे ठेवलेलं आम्ही खात नाही, म्हणायचे, आणि इतक्या संकोचाने म्हणायचे की मलाच वाईट वाटायचं. एका वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना हे सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी वाफाळत्या मोदकपात्रातून सात मोदक निराळ्या डब्यात काढले. म्हणाल्या, “हे देवाला दाखवायचेच नाहीत. हे नुसते घरचे.”

मी डबा ब्रदरांपुढे ठेवला आणि शपथेवर सांगितलं, की हे नैवेद्याच्या आधीचे. त्यांनी डोळे मिटून स्वतःची प्रार्थना केली आणि पाच मोदक खाल्ले. उरलेले दोन करुणाताईंसाठी रुमालात बांधून घेतले.

पुढच्या वर्षी श्रावणातच त्यांनी विचारलं, “तुमच्या सासूबाई यंदा येणार आहेत का?”

*

परुळेकर काकांना ब्रदर एकदाच बोलले. काकांनी सवयीने सांगितलं, “अंक बुधवारी तयार. इन्शाल्ला.” बाकी लोकांना वाटलं, ब्रदरांना हा शब्द आवडणार नाही. उलट ते म्हणाले, शब्द अगदी योग्य आहे. प्रभूची इच्छा असेल तर असंच म्हणावं, आमच्या पुस्तकातही तेच आहे. प्रभू कोणत्याही क्षणी परत येईल, बुधवार उजाडेल की नाही कोणाला ठाऊक.

काका खुलले. ब्रदर पुढे म्हणाले, “पण सलीमभाई इन्शाल्ला म्हणतात तेव्हा काम देवाच्या हातात असतं. तुम्ही म्हणता तेव्हा ते अजून सुरूच झालेलं नसतं.”

अंक मंगळवारी तयार झाला.

*

‘ओळंबा’च्या तिसऱ्या पानावर वाचकांचे प्रश्न असायचे. महिन्याला एकच प्रश्न, खाली ब्रदरांचं उत्तर. बायबलचा शब्दन् शब्द खरा, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहेच, अशी त्यांची श्रद्धा. इतक्या वर्षांत त्या जागी “माहीत नाही” असं मी कधी टाइप केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला माझी आई गेली. मी तेरावं करून परत आले. ब्रदरांनी अंक माझ्यासाठी थांबवला होता. दुसऱ्या कोणाकडून पानं लावून घेतली नव्हती. ते आले, म्हणाले तुमच्यासाठी रोज प्रार्थना केली, आणि मजकुराचे कागद टेबलावर ठेवले. मग नेहमीच्या खुर्चीत बसले.

मी कामाला लागले. काम बरं वाटत होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानाचा कागद घेतला आणि प्रश्न टाइप केला: आयुष्यभर चांगलं वागलेली, पण प्रभूवर विश्वास न ठेवलेली माणसं मेल्यानंतर कुठे जातात?

उत्तर खाली होतं. त्यांच्या सुवाच्य अक्षरात, तीन ओळी आणि वचनाचा आकडा. मी ते वाचलं. टाइप करायला बोटं ठेवली, पण ती हलेनात. मी मागे न वळता विचारलं, “ब्रदर, माझी आई कुठे आहे?”

त्यांच्या लक्षात आलं. कागद त्यांनी महिनाभर आधी, आई असतानाच, लिहून ठेवला असणार. ते उठून माझ्या शेजारी आले. त्यांचं उत्तर त्यांच्याच अक्षरात आम्हा दोघांसमोर होतं.

त्यांनी विचारलं, आई कशी होती? मी सांगितलं. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाल्यावरही सोसायटीतल्या सगळ्यांची इंजेक्शनं तीच द्यायची, कारण तिने दिलेलं दुखत नसे. सुई टोचताना ती समोरच्याला शाळेतल्या बाईंचं नाव विचारायची, आणि ते आठवेपर्यंत काम झालेलं असायचं. ब्रदर उभ्यानेच ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी टेबलावरून तो कागद उचलला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

मी विचारलं, मग प्रश्नही काढून टाकू?

“नाही,” ते म्हणाले. “प्रश्न राहू दे. खालची जागा तशीच ठेवा.”

तासाभराने प्लेट मशीनवर चढली. पहिला कागद बाहेर आला आणि सलीमभाईने लगेच मशीन बंद केलं. कागद घेऊन माझ्याकडे आला. तिसऱ्या पानावर प्रश्न छापलेला होता, आणि त्याखाली अर्धं पान पांढरं.

“मॅडम,” तो म्हणाला, “जवाब रह गया.”

मी म्हटलं, “रह नहीं गया, सलीमभाई. चलने दो.”